वाचकांचे प्रश्न : अलाबामाचे न्यायाधीश फ्रँक जॉन्सन

मागील अंकात, बसमधील वर्णभेदाच्या निषेधार्थ अमेरिकेतील माँटगमरी शहराच्या कृष्णवर्णीयांनी १९५५-५६ मध्ये पुकारलेल्या बस-बहिष्काराविषयी लिहिताना, ‘न्यायाधीश फ्रँक जॉन्सन आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने दिलेल्या निकालामुळे हा लढा तडीस गेला’, एवढे एकच वाक्य लिहून मी पुढे गेलो होतो. त्या एका वाक्यावर लष्कर, मुरार आणि जुने ग्वाल्हेर अशा तिन्ही भागांतून पत्रे आली, आणि बहुतेकांचा सूर ‘एवढ्यावर भागवू नका’ असाच होता. उच्च न्यायालयाच्या आपल्या ग्वाल्हेर खंडपीठात अनेक वर्षे वकिली केलेल्या माझ्यासारख्या माणसाला या न्यायाधीशाविषयी फार पूर्वीपासून लिहायचे होते. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यांच्यासाठी राखून ठेवले आहे.

प्रश्न – अमेरिकेच्या दक्षिणेकडील एक गोरा माणूस, तोही त्या काळात न्यायाधीशपदावर बसलेला, कृष्णवर्णीयांच्या बाजूने कसा उभा राहिला? घरातच तसे संस्कार होते काय? (एक वाचक, दौलतगंज)

उत्तर – ‘बाजूने उभे राहणे’ हे शब्द स्वतः जॉन्सन यांनी मान्य केले नसते. आपण कोणाची बाजू घेतली नाही, समोर आलेल्या पुराव्याला घटना लावली, असेच ते आयुष्यभर सांगत आले. तरीही आपला प्रश्न रास्त आहे, कारण तीच घटना आणि तसाच पुरावा समोर असताना दक्षिणेतील इतर कित्येक न्यायाधीशांचे हात चालले नाहीत.

फ्रँक मायनिस जॉन्सन यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९१८ रोजी अलाबामा राज्याच्या उत्तरेकडील विन्स्टन परगण्यात झाला. हा डोंगराळ, गरीब, छोट्या शेतकऱ्यांचा मुलूख. मोठे कापूस-मळे तिथे नव्हते, त्यामुळे गुलामही फार थोडे होते. १८६१ मध्ये अलाबामाने संघराज्यातून फुटून निघण्याचे ठरवले, तेव्हा विन्स्टनच्या लोकांनी त्याला उघड विरोध केला, आणि त्या परगण्याला ‘विन्स्टनचे स्वतंत्र राज्य’ असे नाव पडले ते कायमचेच. उर्वरित अलाबामा पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाला मते देत असताना विन्स्टनचे लोक लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाला धरून राहिले. जॉन्सन यांचे वडील त्याच पक्षाचे होते आणि परगण्याचे वारसा-न्यायाधीश होते. चारचौघांपेक्षा वेगळे मत असले म्हणून माणूस वाळीत पडत नाही, आणि पडला तरी जगतो, हे त्या मुलाने घरातच पाहिले असणार, असे मला वाटते.

पुढे अलाबामा विद्यापीठातून ते १९४३ मध्ये कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडले, पायदळात भरती झाले आणि नॉर्मंडीच्या लढाईत दोनदा जखमी झाले. परतल्यावर जॅस्पर या गावी वकिली केली. १९५३ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना उत्तर अलाबामासाठी संघराज्याचे सरकारी वकील नेमले. त्या पदावर असताना त्यांनी एक खटला चालवला, त्याची आठवण कोणी फारशी काढत नाही, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. कर्ज फेडून घेण्याच्या नावाखाली कृष्णवर्णीय मजुरांना शेतावर डांबून वेठीस धरणाऱ्या गोऱ्या शेतकऱ्यांवर त्यांनी आरोप ठेवले, आणि गोऱ्या ज्यूरीकडून त्यांना दोषी ठरवून घेतले. १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्यांची मध्य अलाबामाच्या जिल्हा न्यायालयावर नेमणूक झाली. न्यायालय माँटगमरीत होते. तिथे स्थिरस्थावर होण्यापूर्वीच १ डिसेंबरला, गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडली नाही म्हणून, रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय स्त्रीला बसमध्ये अटक झाली.

प्रश्न – आम्ही शाळेत मुलांना शिकवतो की रोझा पार्क्स यांनी जागा सोडली नाही आणि ३८१ दिवसांच्या बहिष्कारापुढे बस कंपनी नमली. मग यात न्यायालयाने काय केले? (एक शिक्षिका, शिंदे की छावणी)

उत्तर – बाई, आपण शिकवता ते चुकीचे नाही, अपुरे आहे. बहिष्काराने बस कंपनी आर्थिकदृष्ट्या टेकीला आली, हे खरे. परंतु कंपनी नमून उपयोग नव्हता. गोऱ्यांनी पुढे आणि काळ्यांनी मागे बसावे, हा शहराचा आणि राज्याचा कायदा होता, आणि तो कायदा रद्द झाल्याखेरीज चालकाला दुसरे काही करता येत नव्हते. रोझा पार्क्स यांचा खटला फौजदारी असल्याने राज्याच्याच न्यायालयांत रेंगाळत राहिला असता. म्हणून फ्रेड ग्रे या तरुण कृष्णवर्णीय वकिलाने १ फेब्रुवारी १९५६ रोजी संघराज्याच्या न्यायालयात स्वतंत्र दावा दाखल केला. त्यात वादी म्हणून ज्या चार स्त्रिया अखेरपर्यंत टिकून राहिल्या, त्यांची नावे मुलांना अवश्य सांगावीत : ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनाल्ड, क्लॉडेट कॉल्विन आणि मेरी लुईस स्मिथ.

राज्याचा कायदा घटनाबाह्य असल्याचा दावा असेल, तर त्या काळच्या नियमाप्रमाणे तीन न्यायाधीशांपुढे सुनावणी होत असे आणि अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जात असे. रिचर्ड राइव्ह्ज, सीबर्न लिन आणि सर्वांत धाकटे जॉन्सन, असे तिघे बसले. ११ मे रोजी क्लॉडेट कॉल्विन साक्षीसाठी पिंजऱ्यात उभी राहिली. रोझा पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ रोजी, याच कारणासाठी तिला अटक झाली होती, आणि तेव्हा ती अवघी पंधरा वर्षांची होती. शहराच्या वकिलांना असे वदवून घ्यायचे होते की हे सारे मार्टिन ल्यूथर किंग या बाहेरून आलेल्या धर्मोपदेशकाने पेटवलेले आहे. त्यांनी विचारले, तुमचा पुढारी कोण? मुलीने उत्तर दिले, आमचे पुढारी आम्हीच. मग बसमध्ये बसणे का सोडलेत, असे विचारल्यावर, आम्हाला वाईट आणि घाणेरडी वागणूक मिळत होती म्हणून, असे तिने सांगितले. उलटतपासणीत साक्षीदाराला भरकटवू पाहणारे वकील मी आयुष्यभर पाहिले आहेत, काही वेळा मीही त्यांतला एक होतो. सोळा वर्षांच्या मुलीने इतकी सरळ उत्तरे दिल्यावर पुढचा प्रश्न सुचत नाही.

५ जून १९५६ रोजी दोन विरुद्ध एक असा निकाल लागला. राइव्ह्ज आणि जॉन्सन यांनी कायदा घटनाबाह्य ठरवला. लिन यांनी भिन्नमत नोंदवले आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय शाळांपुरता आहे, प्रवासाबाबतचा १८९६ चा ‘वेगळे पण समान’ हा निर्णय उघडपणे रद्द झालेला नाही, तेव्हा तो मोडीत काढण्याचे काम खालच्या न्यायालयाने करू नये, असा त्यांचा मुद्दा होता. जॉन्सन यांना मात्र वाटले की शाळेचा निर्णय ज्या तत्त्वावर उभा आहे, ते तत्त्व बसच्या दारात येऊन थांबू शकत नाही. १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा निकाल कायम केला, आदेशाची प्रत २० डिसेंबरला माँटगमरीत पोहोचली आणि त्याच दिवशी बहिष्कार संपला. बहिष्काराने लोकांचा कणा ताठ केला आणि आदेशाने कायदा पुसला, असे दोन्ही मुलांना सांगावे.

प्रश्न – सरकार, वृत्तपत्रे आणि जनमत विरोधात असूनही त्यांची बदली कशी झाली नाही? (विधी महाविद्यालयाचा विद्यार्थी, मुरार)

उत्तर – संघराज्याच्या न्यायाधीशाची नेमणूक अध्यक्ष करतात आणि सिनेट त्यास मान्यता देते. एकदा नेमणूक झाली की ती तहहयात असते, पगार कमी करता येत नाही आणि महाभियोगाखेरीज पदावरून काढता येत नाही. आपल्याकडे उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाची अनुच्छेद २२२ खाली बदली होऊ शकते आणि वयाच्या ६२ व्या वर्षी निवृत्ती येते, तसे तिथे नाही. राज्याच्या गव्हर्नरचा तर त्यांच्यावर काडीचाही अधिकार चालत नव्हता. मात्र अलाबामातील राज्याचे न्यायाधीश निवडणूक लढवून येत असत, हेही लक्षात ठेवावे. दोन प्रकारच्या न्यायाधीशांतील फरक पुढच्या उत्तरातच दिसेल.

प्रश्न – ‘आज भेद, उद्या भेद, सदैव भेद’ अशी शपथ घेणारे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस हे जॉन्सन यांचे मित्र होते, हे खरे काय? (एक वाचक, नया बाजार)

उत्तर – खरे आहे. विद्यापीठात दोघे एकाच वेळी कायदा शिकत होते आणि त्यांचे चांगले जमत असे. पुढे वॉलेस राज्याच्या न्यायालयात, निवडून आलेले, न्यायाधीश झाले. १९५८ च्या अखेरीस संघराज्याच्या नागरी हक्क आयोगाने मतदार नोंदणीची दफ्तरे मागितली, तेव्हा वॉलेस यांनी ती देण्यास जाहीर नकार दिला. दफ्तरे द्या, असा आदेश जॉन्सन यांनी काढला. जॉन्सन यांनी पुढे सांगितले आहे की एका रात्री वॉलेस त्यांच्या घरी आले आणि आपल्याला थोडी शिक्षा द्यावी, म्हणजे निवडणुकीत उपयोग होईल, अशी गळ घालू लागले. वॉलेस यांनी हे नाकारले. घडले ते असे की वॉलेस यांनी दफ्तरे स्थानिक ग्रँड ज्यूरीकडे सोपवली आणि ज्यूरीने ती आयोगाला दाखवली. जानेवारी १९५९ मध्ये जॉन्सन यांनी वॉलेस यांना न्यायालयाच्या अवमानाच्या आरोपातून मुक्त केले, परंतु निकालपत्रात लिहून ठेवले की यांनी आडमार्गाने का होईना, आदेश पाळला आहे. हुतात्मा होऊ पाहणाऱ्या माणसाला, तू तर आज्ञाधारक निघालास, असे जाहीरपणे सांगणे ही सर्वांत कडक शिक्षा होती. त्यानंतर वॉलेस प्रत्येक प्रचारसभेत जॉन्सन यांना खोटारडा आणि दक्षिणद्रोही म्हणत राहिले आणि १९६२ ची निवडणूक त्यांनी जिंकली. न्यायाधीशांनी त्या सभांना कधीही प्रत्युत्तर दिले नाही.

प्रश्न – सेल्माच्या मोर्चाला त्यांनीच परवानगी दिली, असे वाचले. महाराज बाड्यावर मिरवणूक निघाली की तासन्‌तास वाहतूक ठप्प होते आणि आजारी माणसाचे हाल होतात. मग मोर्चासाठी पूर्ण महामार्ग मोकळा करून देण्याचा अधिकार न्यायालयाने कोठून आणला? (एक निवृत्त बँक अधिकारी, जयेंद्रगंज)

उत्तर – आपली तक्रार रोजच्या अनुभवातून आलेली आहे, आणि हाच मुद्दा अलाबामा सरकारच्या वकिलांनीही मांडला होता. आधी घटनाक्रम पाहू. मताधिकारासाठी सेल्मा ते माँटगमरी असे ५४ मैल चालत जाण्यास निघालेल्या सुमारे ६०० लोकांवर ७ मार्च १९६५ रोजी एडमंड पेटस पुलाच्या पलीकडे राज्याच्या पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला आणि घोडे घातले. किंग यांच्या वतीने लगेच न्यायालयात अर्ज आला. जॉन्सन यांनी काय केले असेल? त्यांनी प्रथम मोर्चालाच मनाई केली. सुनावणी होऊन पुरावा नोंदवला जाईपर्यंत कोणीही चालणार नाही, असा त्यांचा आदेश होता, आणि त्यामुळे कित्येक कार्यकर्ते त्यांच्यावर चिडले. ९ मार्चला किंग पुलापर्यंत जाऊन प्रार्थना करून परतले, ते याच आदेशाच्या छायेत.

मग सुनावणी झाली. त्या रविवारी वृत्तवाहिनीने टिपलेली फिल्म न्यायालयात दाखवण्यात आली. १७ मार्चला दिलेल्या आदेशात एक वाक्य आहे, ते मी दर वेळी सावकाश वाचतो. शांततेने, शिस्तीने रस्त्यावरून चालण्याचा आणि निषेध करण्याचा हक्क किती विस्तृत असावा, हे ज्या अन्यायाविरुद्ध निषेध चालला आहे त्या अन्यायाच्या व्याप्तीवरून ठरले पाहिजे, आणि या प्रकरणातील अन्याय प्रचंड आहे, असा त्याचा आशय. म्हणजे आपण म्हणता ती गैरसोय त्यांनी नाकारली नाही, ती तराजूच्या एका पारड्यात ठेवली. दुसऱ्या पारड्यात पिढ्यान्‌पिढ्या मत नाकारलेल्या माणसांची दफ्तरे होती.

परवानगीही सरसकट नव्हती. मोर्चाचा आराखडा आधी न्यायालयात दाखल करून घेतला होता. कोणत्या दिवशी कोठवर चालायचे, मुक्काम कोठे, हे त्यात होते. महामार्ग जिथे दोनच पदरी होता, तिथे ३०० पेक्षा अधिक माणसे चालणार नाहीत, अशी अट होती. २१ मार्चला निघालेला मोर्चा २५ मार्चला माँटगमरीत पोहोचला तेव्हा सुमारे २५,००० लोक त्यात सामील झाले होते, आणि ६ ऑगस्टला मताधिकाराचा कायदा झाला. आपल्या बाड्यावरील मिरवणुकांना अशी लेखी अट घालून देणारा आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणारा कोणी असता, तर आपल्या पत्राची गरज पडली नसती, असे मला मनापासून वाटते.

मोर्चा संपला त्याच रात्री व्हायोला लिउझो या गोऱ्या कार्यकर्तीला कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेष्ट्या गुप्त संघटनेच्या माणसांनी गाडीवर गोळ्या झाडून ठार मारले. खुनाच्या आरोपावर राज्याच्या न्यायालयात शिक्षा झाली नाही. नागरी हक्क हिरावण्याच्या कटाचा खटला जॉन्सन यांच्यापुढे आला. ज्यूरीने आमचे एकमत होत नाही असे कळवल्यावर त्यांनी तिला पुन्हा विचारविनिमयासाठी परत पाठवले. ३ डिसेंबर १९६५ रोजी त्या सर्व गोऱ्या ज्यूरीने तिघांना दोषी ठरवले आणि जॉन्सन यांनी प्रत्येकास कायद्यातील कमाल, दहा वर्षांची, शिक्षा दिली.

प्रश्न – त्यांचे कधी चुकले नाही काय? (एक वाचक, फालका बाजार)

उत्तर – चुकले. टस्कीगी हे शहर चौकोनी होते. १९५७ मध्ये अलाबामाच्या विधिमंडळाने त्याची हद्द अशी कापली की तिला २८ बाजू झाल्या. जवळजवळ सर्व कृष्णवर्णीय मतदार शहराबाहेर गेले आणि एकही गोरा गेला नाही. टस्कीगी संस्थेतील प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन यांनी दावा लावला. नगराच्या हद्दी ठरवणे हे विधिमंडळाचे काम आहे, त्यात न्यायालयाला हात घालता येणार नाही, असे म्हणून जॉन्सन यांनी तो फेटाळला. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांचा निर्णय फिरवला. प्रकरण परत आल्यावर त्यांनीच १९६१ मध्ये तो हद्दीचा कायदा रद्द केला.

१९६१ च्या मे महिन्यात माँटगमरीच्या ग्रेहाउंड बसस्थानकावर ‘फ्रीडम रायडर्स’ना, म्हणजे आंतरराज्य बसमधील वर्णभेद मोडण्यासाठी एकत्र प्रवास करणाऱ्या गोऱ्या-काळ्या कार्यकर्त्यांना, जमावाने बेदम मारले. हे स्थानक त्यांच्या न्यायालयाच्या अगदी शेजारी होते. त्यांनी क्लॅनला आणि संरक्षण न देणाऱ्या पोलिसांनाही मनाई केली, पण काही दिवसांपुरती त्या प्रवाशांच्या फेऱ्यांवरही बंदी घातली. ज्यांनी मार खाल्ला त्यांनाच थांबवणे मला आजही पटत नाही. शांतता आधी, मग हक्काचा निवाडा, ही त्यांची सवय सेल्मामध्ये उपयोगी पडली, इथे ती मार खाणाऱ्यांवर उलटली.

प्रश्न – माझे थोरले बंधू अनेक वर्षे एका दूरच्या शहरातील मनोरुग्णालयात होते. ते गेले. भेटीला गेले की ते कधीही स्वतःच्या कपड्यांत दिसत नसत. या न्यायाधीशांनी मनोरुग्णांसाठी काही केले असे ऐकले, ते काय? (नाव व गाव न छापण्याची विनंती)

उत्तर – ताई, आपले पत्र मी दोनदा वाचले आणि उत्तर सविस्तर द्यावे असे ठरवले.

टस्कलूसा येथे ब्राइस रुग्णालय नावाचे राज्याचे मोठे मनोरुग्णालय होते, आणि त्यात ५,००० हून अधिक माणसे कोंबलेली होती. १९७० मध्ये सिगारेटवरील कराचे उत्पन्न घटले म्हणून राज्याने तेथील सुमारे शंभर कर्मचाऱ्यांना काढून टाकले. त्यांपैकी एका बाईंचा किशोरवयीन भाचा, रिकी वायट, तिथे रुग्ण म्हणून ठेवला होता. त्याला मानसिक आजार नव्हता, तो हूड होता एवढेच. कर्मचारी आणि रुग्ण यांनी मिळून दावा लावला. नोकऱ्यांचा प्रश्न जॉन्सन यांनी बाजूला काढला आणि वकिलांसमोर मूळ प्रश्न ठेवला : ज्यांना उपचारासाठी म्हणून डांबले आहे, त्यांना उपचार मिळतो का?

१२ मार्च १९७१ च्या निकालात त्यांनी म्हटले की उपचाराच्या उदात्त हेतूच्या नावाखाली नागरिकाचे स्वातंत्र्य हिरावून घ्यायचे आणि मग पुरेसा उपचारच द्यायचा नाही, हे कायद्याच्या योग्य प्रक्रियेच्या मुळावरच घाव घालणे आहे. उपचार मिळण्याचा हक्क घटनेने दिलेला आहे, असे एवढ्या स्पष्टपणे त्या देशात पूर्वी कोणत्या न्यायालयाने म्हटले नव्हते. त्यांनी राज्याला सुधारणेसाठी सहा महिने दिले. राज्याने काही केले नाही. तेव्हा १३ एप्रिल १९७२ रोजी त्यांनी स्वतःच किमान निकष ठरवून दिले.

त्या निकषांचे परिशिष्ट मी वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका ज्येष्ठ वकिलांच्या कपाटातील अमेरिकी निकालसंग्रहात उभ्याउभ्याच वाचले होते, ते अजून डोळ्यांपुढे आहे. एका खोलीत सहापेक्षा अधिक रुग्ण नकोत, आणि त्या खोलीत प्रत्येकाला निदान ८० चौरस फूट जागा हवी. आठ माणसांमागे एक शौचालय, पंधरा माणसांमागे एक न्हाणी. खोलीचे तापमान ६८ अंश फॅरनहाइटच्या खाली आणि ८३ च्या वर जाता कामा नये. नळाला येणारे गरम पाणी ११० अंश असावे. प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र उपचार-आराखडा असावा. रुग्णाकडून रुग्णालयाची कामे फुकट करवून घेऊ नयेत. आणि रुग्णाला स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क असावा.

कायद्याच्या योग्य प्रक्रियेची हमी देणाऱ्या, घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचा अर्थ लावता लावता एक न्यायाधीश नळाच्या पाण्यापर्यंत येऊन पोहोचला होता. ‘माणुसकीची वागणूक द्या’ एवढेच लिहिले असते तर रुग्णालयाने आम्ही ती देतो असे उत्तर पाठवले असते, हे त्यांनी सहा महिन्यांच्या अनुभवावरून ओळखले होते. म्हणून कोणालाही फुटपट्टी आणि तापमापक घेऊन मोजता येईल असा आदेश त्यांनी दिला, आणि आदेश पाळला जातो का हे पाहण्यासाठी मानवी हक्क समित्या नेमल्या. असाच बारकावा त्यांनी १९७६ मध्ये राज्याच्या तुरुंगांविषयीच्या आदेशात आणला. न्यायालय सरकार चालवू लागले, अशी टीका त्यांच्यावर झाली आणि ती करणारे सगळेच वंशद्वेष्टे नव्हते. जॉन्सन यांचे उत्तर असे की राज्याने स्वतःहून केले असते तर मला करावे लागले नसते.

आपल्याकडेही १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर येथील मानसिक आरोग्यशाळांवर देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे दिले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात रुग्णावर गणवेशाची सक्ती करू नये आणि त्याला काम करण्यास भाग पाडू नये, काम केलेच तर योग्य मोबदला द्यावा, अशी तरतूद आहे. आपल्या बंधूंना ती लाभली नाही, याचे मला दुःख आहे.

प्रश्न – या साऱ्याची किंमत त्यांच्या घरच्यांना मोजावी लागली असेल. (एक गृहिणी, कंपू)

उत्तर – हो. त्यांच्या अंगणात पेटता क्रूस उभा केला गेला, धमकीची पत्रे आणि दूरध्वनी तर नित्याचेच झाले. जुन्या परिचितांनी बोलणे सोडले. संघराज्याचे मार्शल वर्षानुवर्षे घरावर पहारा देत होते. १९६७ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या वृद्ध आईच्या घरी बाँबस्फोट झाला. आई घरातच होत्या, त्यांना इजा झाली नाही. हल्ला मुलासाठी होता, असेच सर्वांनी मानले. पत्नी रूथ यांच्याशी त्यांचा विवाह १९३८ मध्ये झाला होता, आणि या काळात घरात त्यांच्याखेरीज मोकळेपणाने बोलायला फार कमी माणसे उरली होती. त्यांनी दत्तक घेतलेला एकुलता एक मुलगा जॉनी याने १९७५ मध्ये आपले जीवन संपवले. याविषयी अधिक लिहिणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्न – ते सर्वोच्च न्यायालयात का गेले नाहीत? (एक वाचक, ठाटीपूर)

उत्तर – नावाची चर्चा झाली, नेमणूक झाली नाही. १९७७ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी त्यांना एफबीआयचे संचालक म्हणून निवडले होते, पण प्रकृतीच्या कारणाने त्यांना नाव मागे घ्यावे लागले. १९७९ मध्ये ते अपिलीय न्यायालयात गेले. १९९५ मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले आणि २३ जुलै १९९९ रोजी त्यांचे निधन झाले. माँटगमरीतील ज्या इमारतीत ते बसत, तिला १९९२ पासून त्यांचेच नाव आहे.

प्रश्न – रिकी वायटच्या खटल्याचे पुढे काय झाले? निकष पाळले गेले का? (मुरारचाच विद्यार्थी, दुसऱ्या पत्रात)

उत्तर – काही लवकर पाळले गेले, काही फार उशिरा, आणि काहींसाठी पुन्हा पुन्हा न्यायालयात यावे लागले. रुग्णसंख्या मात्र उतरत गेली, कारण निकषांप्रमाणे इतकी माणसे एका जागी ठेवणेच शक्य नव्हते. जॉन्सन वरच्या न्यायालयात गेल्यानंतर प्रकरण अखेरीस मायरन थॉम्पसन या कृष्णवर्णीय न्यायाधीशांकडे आले, ज्यांची नेमणूक १९८० मध्ये त्याच माँटगमरीच्या न्यायालयावर झाली होती. त्यांनी २००३ च्या डिसेंबरात, दावा दाखल झाल्यानंतर ३३ वर्षांनी, तो बंद केला. दरम्यान राज्याचे मानसिक आरोग्य आयुक्त बदलत गेले आणि प्रतिवादी म्हणून दर वेळी नव्या आयुक्तांचे नाव लागत गेले, त्यामुळे निकालसंग्रहांत हा खटला ‘वायट विरुद्ध स्टिकनी’, मग ‘विरुद्ध आडरहोल्ट’, पुढे ‘विरुद्ध किंग’, आणि शेवटी ‘विरुद्ध सॉयर’ अशा नावांनी सापडतो. शोधताना वादीच्या नावावरून शोधावा. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आहे.